गिरणीच्या यंत्रांची खरी किंमत

१/
मुंबईच्या गिरण्यांविषयी समाजमाध्यमांवर दोन दावे सतत फिरत असतात. पहिला : इंग्रजांनी यंत्रे दिली, म्हणून मुंबई औद्योगिक झाली. दुसरा : इंग्रजांनी भारतात यंत्रे येऊच दिली नाहीत. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत. यंत्रे आली, पुरेपूर दाम मोजून आली आणि पिढ्यानपिढ्या येतच राहिली. त्यांचा बीजकावरचा दाम हा एकूण खर्चाचा लहानसा भाग होता. उरलेला खर्च कोणता, तो कोणी भरला आणि तो टाळता आला असता का, याचा हा हिशेब.

२/
आरंभ ब्रिटनपासूनच करावा लागतो. मुक्त व्यापाराचा जगाला उपदेश करणाऱ्या या देशाने १७७४ मध्ये सुती वस्त्रोद्योगाची हत्यारे व यंत्रे परदेशी पाठवण्यावर कायद्याने बंदी घातली. कुशल कारागिरांनी परदेशी जाऊन तेथील कारखान्यांत काम करण्यावरही बंदी होती; ती १८२४ मध्ये उठली. यंत्रांवरील बंदी पूर्णपणे उठायला १८४३ साल उजाडले. सत्तर वर्षे ज्या देशाने आपले साचे कुलूपबंद ठेवले, त्याला यंत्राचे आणि यंत्रविद्येचे मोल नेमके ठाऊक होते.

३/
या बंदीतून एक माणूस निसटला. डर्बीशायरच्या गिरणीत उमेदवारी केलेला सॅम्युएल स्लेटर १७८९ मध्ये आपला व्यवसाय लपवून अमेरिकेच्या जहाजावर चढला. त्याच्यापाशी नकाशे नव्हते. आर्कराइट पद्धतीची यंत्रे त्याच्या स्मरणात होती. १७९० मध्ये ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे त्याने ती यंत्रे उभी केली. अमेरिकेला यंत्र विकत मिळत नव्हते, म्हणून तिने ते घडवले. घडवता घडवता यंत्र घडवणारी माणसे तयार झाली. पुढे रिंग पद्धतीची सूतकताई अमेरिकेतूनच जगाला मिळाली.

४/
मुंबईची कथा बंदी उठल्यानंतरची. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ स्थापन केली. भांडवल ५ लाख रुपये, ५,००० रुपयांचा एक असे १०० भाग. ताडदेवच्या या गिरणीतून १८५६ मध्ये सूत निघू लागले. यंत्रे होती ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. या कथेच्या शेवटाकडे ते पुन्हा येणार आहे.

५/
ओल्डहॅमच्या गिरणीमालकाला प्लॅटचे यंत्र गावातच मिळे. मुंबईच्या मालकाला त्याच यंत्रासाठी आणखी किती दाम मोजावे लागत? खोक्यांची बांधणी, जहाजभाडे, विमा, बंदरावरची चढउतार, जोडणी करणाऱ्या इंग्रज फिटरचा प्रवास व पगार. सुटे भाग यायला महिने लागत, म्हणून त्यांचा मोठा साठा पदरी ठेवावा लागे आणि तेवढे भांडवल गोदामात पडून राही. यंत्र चालू होऊन पहिले सूत निघेपर्यंत गुंतवलेल्या पैशावरचे व्याज वेगळेच. मजुरी स्वस्त म्हणून मुंबईला जो लाभ होई, त्यातला मोठा वाटा या महाग भांडवलापायी निघून जात असे.

६/
समुद्राचा धोकाही खरेदीदाराच्याच वाट्याला. अहमदाबादचे रणछोडलाल छोटालाल यांनी गिरणीसाठी यंत्रे मागवली, तर ती घेऊन निघालेले जहाज वाटेतच नष्ट झाले. यंत्रे पुन्हा मागवावी लागली. सुवेझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता आणि अहमदाबादेत रेल्वे पोहोचली नव्हती. यंत्रे आफ्रिकेला वळसा घालून आली आणि खंबायतच्या बंदरातून बैलगाड्यांवर शहरात पोहोचली. १८६१ मध्ये अवघ्या २,५०० चात्यांवर ही गिरणी सुरू झाली.

७/
जहाज बुडालेले निदान दिसते तरी. हुंडणावळीने बुडवलेला पैसा दिसतही नाही. १८७० च्या सुमारास एक रुपया म्हणजे जवळजवळ २ शिलिंग. १०,००० पौंडांची यंत्रे घ्यायला १ लाख रुपये पुरत. नंतर जगात चांदीचा भाव कोसळत गेला आणि चांदीचा रुपयाही. १८९४-९५ मध्ये रुपया १ शिलिंग १ पेनीच्या आसपास आला. तीच १०,००० पौंडांची खरेदी आता सुमारे १ लाख ८४ हजार रुपयांना पडे. यंत्राच्या मूळ किमतीत एका पौंडाचीही वाढ झालेली नसताना खरेदीदाराचा खर्च पाऊणपटीहून अधिक वाढला होता.

८/
यावर एक आक्षेप रास्त आहे. उतरत्या रुपयामुळे चीनच्या बाजारात मुंबईचे सूत लँकशायरच्या सुतापेक्षा स्वस्त पडे, आणि ब्रिटनमधील यंत्रांचे भावही त्या काळात उतरत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण १८९३ मध्ये सरकारने भारतातील टांकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या. त्यानंतर चिनी चांदीच्या तुलनेत रुपया महागला आणि निर्यातीची सवलत आटली. पौंडाच्या तुलनेत मात्र रुपया हलकाच राहिला. माल विकताना तोटा आणि यंत्र घेतानाही तोटा, असा हा दुहेरी फटका होता. रुपयाचे धोरण जेथे ठरे, तेथे गिरणीमालकाला मत नव्हते.

९/
यंत्र कोणते घ्यावे, हेही विकणाऱ्याच्या मर्जीवर असे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांनी आरंभी घेतलेली स्वस्त यंत्रे निकृष्ट निघाली आणि ती बदलण्याचा भुर्दंड पडला. पुढे त्यांना नवी रिंग पद्धत हवी होती. लँकशायर म्यूल पद्धतीवर खूश होते; प्लॅटने प्रारंभी रिंग चात्यांसाठी तयारी दाखवली नाही आणि टाटांना ब्रुक्स अँड डॉक्सी ही दुसरी कंपनी गाठावी लागली. नागपूरच्या कापसाला व कामगाराला काय मानवते, हे नागपूरला कळले होते. ते प्रत्यक्षात यायला इंग्लंडमध्ये कोणीतरी राजी व्हावे लागले.

१०/
यंत्रामागोमाग माणसेही आयात झाली. १८९५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील व्यवस्थापक, इंजिनियर आणि खातेप्रमुख यांच्या जागांपैकी शंभरात चाळीसहून अधिक युरोपीयांकडे होत्या. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली आणि हळूहळू देशी तंत्रज्ञ तयार होऊ लागले. गिरणीत त्यांच्यासाठी जागा होत्या त्या यंत्र चालवण्याच्या आणि दुरुस्तीच्या. यंत्राची रचना करणारा माणूस ज्या कारखान्यात लागतो, तो कारखानाच मुंबईत नव्हता.

११/
खर्चाचा आणखी एक वाटेकरी बीजकात कोठेही दिसत नाही. तो म्हणजे रत्नागिरी, सातारा, कोकण-घाटावरून आलेला गिरणी कामगार. महाग यंत्र तासभर थांबले तरी मालकाच्या जिवाला लागे. म्हणून साचे उजेड आहे तोवर चालत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. रविवारची सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा काही गिरण्यांनी कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला. परदेशी यंत्राच्या किमतीचे हप्ते असे देशी शरीरांतून वसूल झाले.

१२/
येथवरचा दोष साम्राज्याच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. पण गिरण्यांचे मॅनेजिंग एजंट कसे कमावत? मुंबईत रूढ पद्धत होती ती उत्पादित सुताच्या दर पौंडामागे पाव आणा कमिशनची. गिरणी नफ्यात असो वा तोट्यात, सूत निघाले की एजंटाचे पैसे पक्के. शिवाय यंत्रखरेदीवर विक्रेत्या कंपनीकडून दलाली घेण्याची पद्धतही प्रचारात होती. ज्याला यंत्र विकत घेण्यावर दलाली मिळते, तो ते यंत्र येथे घडवण्याच्या भानगडीत का पडेल? भागधारकांचा पैसा, परदेशी यंत्र आणि मधल्या माणसाचा निर्धास्त लाभ, ही घडी कोणालाच मोडावीशी वाटली नाही.

१३/
‘भारतात ती कुवतच नव्हती’ हे उत्तर नेहमी पुढे येते. त्याला इतिहासाचा आधार नाही. मुंबईच्या जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्यातील अर्देशीर कर्सेटजी यांनी तरुणपणीच स्वतः वाफेचे छोटे इंजिन बांधले होते आणि माझगावच्या आपल्या घरी ओतशाळा उभारली होती. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी कंपनी सरकारच्या मुंबईतील वाफ-कारखान्याचे ते मुख्य अभियंता झाले आणि युरोपीय कारागीर त्यांच्या हाताखाली काम करू लागले. मुंबईची पहिली गिरणी निघण्यापूर्वी तेरा वर्षांची ही गोष्ट आहे.

१४/
पुढेही हात रिकामे नव्हते. प्रत्येक मोठ्या गिरणीला स्वतःचे मेकॅनिक खाते असे. तेथे लेथ होते, भट्टी होती, झिजलेले दातेरी चाक पाहून तसेच नवे कातणारे फिटर आणि टर्नर होते. भायखळा-माझगावच्या ओतशाळांत लोखंडाचे ओतकाम होत असे. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मुंबई बेटावर ऐंशीहून अधिक गिरण्या होत्या, म्हणजे एकाच शहरात एकाच प्रकारच्या यंत्रांचे एवढे गिऱ्हाईक होते. कारागीर होते, बाजार होता, पैसाही होता. या तिन्हींना एकत्र बांधणारा मात्र कोणी नव्हता.

१५/
मग जपानकडे पाहावे. आयात करणे हीच चूक असती, तर जपाननेही तीच केली. जपानी सरकारने २,००० चात्यांचे संच ब्रिटनमधून मागवून उद्योजकांना हप्त्याने दिले. त्या छोट्या गिरण्या फारशा यशस्वी झाल्या नाहीत. नंतर शिबुसावा एइची यांच्या पुढाकाराने १८८३ मध्ये ओसाकाची गिरणी १०,५०० चात्यांवर सुरू झाली. यंत्रे पुन्हा प्लॅटचीच. पण गिरणी उभारण्यापूर्वी यामानोबे ताकेओ या तरुणाला इंग्लंडच्या गिरणीत प्रत्यक्ष काम शिकायला लावले होते. खरेदीबरोबर विद्याही आणण्याची ही तजवीज होती.

१६/
दरम्यान एका सुताराचा मुलगा, तोयोदा साकिची, मागाशी झटत होता. १८९१ मध्ये त्याने सुधारित लाकडी हातमागाचे एकस्व घेतले. १८९० च्या दशकातच त्याने लाकूड-लोखंडाचा यंत्रमाग बनवला. तो युरोपीय मागाइतका देखणा वा टिकाऊ नव्हता. पण स्वस्त होता आणि गावोगावच्या विणकराला परवडत होता. ओबडधोबड यंत्राला गिऱ्हाईक मिळाले, त्या पैशातून पुढचे यंत्र सुधारले. १९२४ मध्ये तोयोदाचा स्वयंचलित ‘जी’ माग तयार झाला. चालू मागावर, तो न थांबवता, धोटा बदलण्याची सोय त्यात होती.

१७/
१९२९ मध्ये ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेण्याचा करार तोयोदांशी केला. १८८३ मध्ये ज्यांच्याकडून जपानने साचे घेतले, तेच ४६ वर्षांनी जपानच्या दारात खरेदीदार म्हणून उभे राहिले. मुंबई तर प्लॅटची ओसाकाच्या गिरणीहून सत्तावीस वर्षे जुनी गिऱ्हाईक. मुंबईकडून घ्यावा असा एकही माग प्लॅटला सापडला नाही, कारण मुंबईने तो घडवलाच नव्हता. ‘यंत्रे आली म्हणजे औद्योगिकीकरण झाले’ असे मानणाऱ्यांनी या एका कराराचे उत्तर द्यावे.

१८/
साम्राज्याचा वाटा अर्थातच मोठा होता. १८९६ मध्ये भारतीय गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली गेली, कारण लँकशायरच्या मालावर तेवढीच जकात होती. ती १९२६ पर्यंत टिकली. आयात यंत्रांवर मात्र जकात नव्हती किंवा नाममात्र होती. गिरणीमालकाला ही सवलत गोड वाटे. पण १९२४ मध्ये पोलादाला संरक्षण मिळाल्यावर येथे यंत्र घडवू पाहणाऱ्याला कच्चा माल महाग आणि परदेशी तयार यंत्राला दार उघडे, अशी उलटी स्थिती झाली. सरकारची स्वतःची खरेदीही दीर्घकाळ लंडनमार्फत होई. जमशेदपूरजवळ १९२१ मध्ये निघालेल्या पेनिन्सुलर लोकोमोटिव्ह कंपनीला मागणीच मिळाली नाही.

१९/
तरीही जकातीकडे बोट दाखवून सगळे सुटत नाही. असमान तहांमुळे जपानच्याही जकाती जवळपास पाच टक्क्यांवर बांधलेल्या होत्या. पूर्ण जकात-स्वातंत्र्य त्याला १९११ मध्येच मिळाले. फरक दोन जागी होता. जपानचे सरकार जपानचे होते आणि कारागिराला, विद्यार्थ्याला, खरेदीदाराला एकत्र आणण्यात त्याला हित दिसत होते. दुसरे, तेथील भांडवलाने स्वदेशी ओबडधोबड यंत्राला पहिली संधी दिली. मुंबईत पहिली गोष्ट शक्य नव्हती. दुसरी शक्य होती आणि ती झाली नाही.

२०/
थकलेले बिल महायुद्धाने पुढे केले. १९१४ ते १९१८ मध्ये ब्रिटनचे कारखाने तोफगोळ्यांत गुंतले; नवी यंत्रे आणि सुटे भाग येणे जवळजवळ थांबले. परदेशी कापड घटले होते, भारताचा बाजार मोकळा होता, गिरण्यांना अमाप नफा होत होता. पण एक चातीही वाढवणे कठीण झाले होते. उद्योगाला आयुष्यात एकदा मिळणारी ही संधी होती. ती यंत्र घडवणाऱ्या कारखान्याअभावी अर्धी वाया गेली.

२१/
युद्ध संपताच सगळे एकदम खरेदीला धावले आणि १९२० नंतर फार चढ्या भावाने यंत्रे घेतली गेली. तेजी ओसरली, भांडवलाचे ओझे राहिले. मग मालकांनी वेतनकपात आणि ‘सुधारणा’ सुरू केली : दोन साचे चालवणाऱ्याने तीन चालवावेत. १९२८ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने संपावर गेले. गिरणगावात चुली विझल्या, हजारो माणसे गावी परतली. या संपाची कारणे अनेक होती. चढ्या भावाच्या यंत्रखरेदीचे ओझे त्यांतले एक होते. तरीही संपाच्या इतिहासात ते क्वचितच नोंदले जाते.

२२/
महाराष्ट्रात वेगळी वाट चोखाळणारा माणूस गिरणगावाबाहेर निघाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिकवत होते. बढती डावलली गेल्यावर ते बेळगावला आले. सायकली, कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर असा प्रवास झाला. १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. शेतकऱ्याच्या मनात लोखंडी नांगराविषयी संशय होता, तो दूर करण्यात वर्षे गेली. पण साध्या यंत्रापासून आरंभ करून कारागीर घडवत जायचे, ही तोयोदांची वाट येथेही चालता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

२३/
लेथसारखी कारखान्याची यंत्रे घडवायला किर्लोस्करांची म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी हरिहरला निघाली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाने आयात पुन्हा रोखल्यावर. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान मशिन टूल्स निघाली, स्विस ओर्लिकॉनच्या सहकार्याने. कताईची यंत्रे बनवणारी कोइम्बतूरची लक्ष्मी मशिन वर्क्स १९६२ ची, तीही स्विस रीटरच्या सहकार्याने. दावरांच्या गिरणीपासून मोजले तर शंभराहून अधिक वर्षे उलटली होती. आणि १९९५ मध्ये बंगळुरूजवळ सूतकताईची यंत्रे बनवणारी एक कंपनी निघाली. तिच्या नावात दोन घराणी शेजारी आली : किर्लोस्कर आणि तोयोदा. तंत्रज्ञान जपानकडून येत होते.

२४/
परदेशी यंत्र घेणे हा अपराध नाही. ओसाकाने घेतले, नागपूरने घेतले, आजही इचलकरंजी-भिवंडीचा यंत्रमागधारक परदेशी माग घेतो आणि त्याची गरज खरी असते. प्रश्न खरेदीच्या दुसऱ्या दिवशीचा आहे. ते यंत्र उघडून पाहणारा, त्याचा भाग येथे कातणारा, त्याची कच्ची नक्कल बाजारात आणणारा आणि ती नक्कल पहिल्या वर्षी सोसून विकत घेणारा, अशी माणसे उभी राहतात की नाही? मुंबईच्या गिरण्यांनी हे केले नाही. त्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत आणि साचे केव्हाच भंगारात गेले. बीजकावरची रक्कम मालकांनी चुकती केली. उरलेली बाकी कामगारांनी आणि पुढच्या पिढ्यांनी फेडली.